टॉम्सन यांचे विश्वासविषयक व्याख्यान आणि बांधणी-यंत्राचा प्रश्न

केन टॉम्सन आणि डेनिस रिची या युनिक्सच्या दोघा कर्त्यांना १९८३ चे ट्यूरिंग पारितोषिक देण्यात आले. त्या निमित्ताने टॉम्सन यांनी दिलेले व्याख्यान ऑगस्ट १९८४ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकात 'रिफ्लेक्शन्स ऑन ट्रस्टिंग ट्रस्ट' या शीर्षकाने प्रसिद्ध झाले. 'विश्वासावर विसंबण्याविषयी काही चिंतन' असे त्याचे मराठीकरण करता येईल. छापील पृष्ठे अवघी तीन. संगणकशास्त्राच्या वाङ्मयात इतक्या अल्प विस्ताराच्या आणि इतक्या वारंवार उल्लेखिल्या जाणाऱ्या कृती थोड्याच आहेत. परंतु वारंवार उल्लेखिल्या जाणाऱ्या कृतींच्या वाट्याला जे येते तेच याही व्याख्यानाच्या वाट्याला आले आहे: त्याचे अखेरचे तात्पर्य सर्वांच्या तोंडी असते आणि ते ज्या युक्तिवादातून निघते तो तपासून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. मुक्त स्रोताच्या कार्यप्रणालींची अद्यतने ज्या यंत्रांवर तयार होतात त्या यंत्रांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आज उभा आहे. त्याच्या प्रकाशात हे व्याख्यान पुन्हा वाचले असता त्याचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही दोन्ही एकाच जागी सापडतात.

प्रश्नाचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले पाहिजे. डेबियन, फेडोरा, ओपनबीएसडी यांसारख्या कार्यप्रणालींची मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड, कोणालाही वाचावयास मोकळी असते, आणि हे मोकळेपण हाच त्यांच्या विश्वासार्हतेचा आधार मानला जातो. पुष्कळ डोळ्यांखालून गेलेली संहिता दोषमुक्त होते, हे एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये मांडलेले व लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र याच श्रद्धेचे प्रसिद्ध रूप होय. तथापि वापरणाऱ्याच्या संगणकावर जे उतरते ते मूळ संहिता नव्हे. कोठल्या तरी एका यंत्रावर कंपायलरकडून तिची बांधणी होते, तीतून यंत्रसंहिता निघते, तिच्यावर अंकीय सही होते आणि मग ती घरोघर पोहोचते. वाचली जाते ती एक वस्तू आणि चालविली जाते ती दुसरी. या दोहोंच्या मधे जे घडते ते कोणाही वाचकाच्या डोळ्यांसमोर घडत नाही.

टॉम्सन यांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले. त्यांचा युक्तिवाद तीन पायऱ्यांनी चढतो आणि त्याची रचना दाद द्यावी अशी आहे. पहिल्या पायरीवर स्वतःचीच संहिता अक्षरशः छापून दाखविणारा एक छोटा प्रोग्राम येतो. वाचकाला तो निव्वळ बौद्धिक खेळ वाटतो. दुसऱ्या पायरीवर सी भाषेचा कंपायलर येतो. हा कंपायलर सी भाषेतच लिहिलेला असतो आणि स्वतःच्याच मागील आवृत्तीकडून बांधला जातो. त्याला एखादे नवे चिन्ह शिकवावयाचे झाल्यास पहिल्या वेळी त्याचा संख्यात्मक अर्थ लिहून द्यावा लागतो. टॉम्सन यांच्या उदाहरणात ती संख्या ११ आहे. एकदा तो कंपायलर बांधला की ११ हा आकडा संहितेतून काढून टाकला तरी चालते. ते ज्ञान आता मूळ संहितेत कोठेही नसते, पण यंत्रसंहितेत ते पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहते. तिसरी पायरी मग आपोआप चढली जाते. लॉगिनचा प्रोग्राम बांधावयास आला की त्यात चोरदरवाजा बसवावा, आणि स्वतः कंपायलर बांधावयास आला की त्यात ही दोन्ही कारस्थाने पुन्हा बसवावीत, असे कंपायलरला एकदाच शिकवावे व नंतर मूळ संहितेतून त्याची खूण पुसून टाकावी. यापुढे कोणी कितीही बारकाईने संहिता वाचली तरी तीत काही आढळणार नाही. हे केवळ कल्पनारंजन नव्हते. त्या प्रोग्रामची प्रत २०२३ मध्ये टॉम्सन यांच्याकडून मिळवून रस कॉक्स यांनी ती टीकेसह प्रसिद्ध केली, आणि मूळ कारस्थानास शंभर ओळीही लागल्या नव्हत्या हे सर्वांना दिसले.

कल्पना टॉम्सन यांची स्वतःची नव्हती आणि तसे त्यांनी व्याख्यानात प्रांजळपणे सांगितले आहे. अमेरिकन वायुदलाच्या एका दस्तऐवजात ती वाचल्याचे त्यांना आठवत होते, पण त्याचे नाव आठवत नव्हते. तो दस्तऐवज म्हणजे पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी मल्टिक्स या कार्यप्रणालीच्या सुरक्षिततेचे केलेले १९७४ चे परीक्षण होय. पीएल-वन भाषेच्या कंपायलरमध्ये बसविलेला चोरदरवाजा पुनर्बांधणीनंतरही टिकून राहील, हे त्यांनी तेथे नोंदविले होते. या ऋणामुळे व्याख्यानाचे महत्त्व कमी होत नाही. सरकारी अहवालातील एका परिच्छेदाला टॉम्सन यांनी सिद्धतेचे रूप दिले.

उणीव दिसू लागते ती सिद्धतेनंतर. जो प्रोग्राम संपूर्णपणे स्वतः निर्माण केलेला नाही त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही, असा निष्कर्ष काढून टॉम्सन एकाएकी विषय बदलतात आणि दूरध्वनीच्या तारेवरून परक्या संगणकांत शिरणाऱ्या तरुण पोरांकडे वळतात. वृत्तपत्रे या पोरांना नायक बनवितात याबद्दल ते संताप व्यक्त करतात आणि शेजाऱ्याच्या घरात शिरण्याइतकेच हे कृत्य निंद्य मानले जावे, असे सुचवितात. संताप योग्य असेल, पण तो प्रस्तुत सिद्धतेतून निष्पन्न होत नाही. सिद्धतेतील चोर भिंतीबाहेरचा पोर नाही. तो घराचा कर्ता पुरुष आहे. कंपायलर लिहिणारा, पारितोषिकाचा मानकरी असा. ज्या व्याख्यानाने आतल्या माणसाची शक्ती इतक्या स्पष्टपणे दाखविली, त्याचा उपदेश मात्र बाहेरच्याला उद्देशून असावा, ही विसंगती टीकाकारांच्या नजरेतून बहुधा सुटलेली आहे.

मुख्य आक्षेप मात्र निष्कर्षावरच घेतला पाहिजे. तो एका दृष्टीने अति मोठा आहे आणि दुसऱ्या दृष्टीने अति लहान.

अति मोठा असे म्हणण्याचे कारण डेव्हिड व्हीलर यांनी २००५ च्या निबंधात आणि पुढे २००९ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात दिले आहे. संशयित कंपायलरची मूळ संहिता घ्यावी. ती अगदी निराळ्या वंशाच्या दुसऱ्या कंपायलरकडून बांधून घ्यावी. अशा रीतीने जो कंपायलर निघेल त्याच्याकडून तीच संहिता पुन्हा बांधावी आणि जे हाती येईल ते संशयिताशी अक्षराला अक्षर लावून ताडून पाहावे. दोन्ही तंतोतंत जुळली तर संशयिताच्या पोटात संहितेबाहेरचे काही नाही असे ठरते. दोन्ही कंपायलर एकाच कारस्थानात सामील असतील तरच ही परीक्षा फसेल. दुसरा कंपायलर स्वतः निर्दोष असण्याची येथे गरज नाही; तो त्याच दोषाचा वारस नसला म्हणजे पुरे.

मराठी वाचकास या युक्तीत एक जुनी ओळख पटावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुकथनकरांनी ज्या तत्त्वाचा आधार घेतला ते तत्त्व हेच होते. मूळ पोथी कोणाच्याच हाती नाही आणि प्रत्येक उपलब्ध पोथीत प्रक्षेपाचा संशय आहे. अशा स्थितीत एकमेकींपासून स्वतंत्रपणे वाढलेल्या परंपरांत जो पाठ समान आढळतो तो अधिक प्राचीन मानावा. काश्मीरची शारदा पोथी आणि दक्षिणेची मल्याळी पोथी यांची एकवाक्यता एकाच गावातल्या पन्नास पोथ्यांच्या एकवाक्यतेहून वजनदार ठरते, कारण त्या पन्नास एकाच पोथीवरून उतरलेल्या असू शकतात. पोथ्या मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात, हा संपादनशास्त्राचा पहिला धडा आहे. टॉम्सन यांच्या निष्कर्षात हा धडा नाही. त्यांच्यापुढे पर्याय दोनच आहेत: सर्व काही स्वतः लिहावे, नाही तर लिहिणाऱ्या माणसावर भरवसा ठेवावा. साक्षी अनेक असू शकतात आणि एकही पूर्ण विश्वासार्ह नसताना त्यांच्या मेळातून विश्वास निर्माण होऊ शकतो, ही शक्यता त्यांनी विचारात घेतलेली नाही.

निष्कर्ष अति लहान आहे तो यासाठी की त्यात माणूस आहे आणि प्रोग्राम आहे, पण जागा नाही. असेम्ब्लर, लोडर आणि यंत्राच्या पोटातील मायक्रोकोडपर्यंत हा दोष उतरू शकेल असे टॉम्सन म्हणतात, त्यामुळे यंत्राचा उल्लेखच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांचे यंत्र ही प्रोग्रामची अखेरची पायरी आहे. ते कोणाच्या खोलीत उभे आहे, त्याचे वीजबिल कोण भरतो, त्याच्यावर दुसरे काय चालते आणि सहीची किल्ली त्याच यंत्रावर ठेवली आहे की काय, हे प्रश्न तेथे उद्‌भवत नाहीत. पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास प्रामुख्याने याच प्रश्नांचा आहे.

ऑगस्ट २००८ मध्ये फेडोरा आणि रेड हॅट यांच्या सर्व्हरांत परका शिरल्याचे उघड झाले. फेडोराच्या ज्या यंत्रांपर्यंत तो पोहोचला त्यांपैकी एक यंत्र पॅकेजांवर सही करण्यासाठी वापरले जात असे. किल्ली त्याच्या हाती लागल्याचा पुरावा नसतानाही ती बदलण्याचा निर्णय घ्यावा लागला. रेड हॅटच्या बाबतीत तर ओपनएसएसएचच्या काही थोड्या पॅकेजांवर परक्याने प्रत्यक्ष सही करवून घेतली. येथे कंपायलर निर्दोष होता, मूळ संहिता निर्दोष होती, लिहिणारी माणसेही प्रामाणिक होती. मुक्त क्षेत्राबाहेरचे उदाहरण म्हणून सोलरविंड्स या कंपनीच्या उत्पादनाचे २०२० मधील प्रकरण सांगता येईल. बांधणी-यंत्रावर लपून बसलेला एक प्रोग्राम बांधणी सुरू होण्याची वाट पाही, संहितेतील एक फाइल त्या क्षणापुरती बदली आणि काम होताच मूळ फाइल जागेवर ठेवी. कंपनीच्या खऱ्या सहीनिशी ते अद्यतन ग्राहकांकडे गेले. संहितेच्या भांडारात शोधणाऱ्यास काही सापडण्याचे कारणच नव्हते. टॉम्सन यांचे कारस्थान येथे जसेच्या तसे घडले, फक्त कंपायलरऐवजी बांधणीच्या घराने ते केले.

डेबियनच्या व्यवहारातील एक बदल या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. दीर्घ काळ तेथे अशी रीत होती की पॅकेजाचा सांभाळ करणारा स्वयंसेवक ते आपल्या घरच्या संगणकावर बांधी आणि निदान त्या एका जातीच्या प्रोसेसरसाठीची यंत्रसंहिता स्वतःच चढवी. इतर जातींसाठी प्रकल्पाची बांधणी-यंत्रे काम करीत. म्हणजे अखेरच्या वाचकाच्या संगणकावर जे पोहोचे ते जगभरच्या शेकडो खासगी खोल्यांत तयार झालेले असे. जुलै २०१९ मध्ये असे ठरले की पुढील आवृत्तीत फक्त प्रकल्पाच्या स्वतःच्या यंत्रांवर बांधलेली पॅकेजेच घेतली जातील. निर्णय शहाणपणाचा होता यात शंका नाही. शेकडो असंरक्षित खोल्यांपेक्षा थोड्या राखलेल्या खोल्या बऱ्या. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पूर्वी एक खोली फुटली तर एक पॅकेज बिघडे. आता एक यंत्र फुटले तर त्यावर बांधलेली सर्वच संशयास्पद ठरतात. विश्वास वाढला तसा तो एकवटलाही, आणि एकवटलेला विश्वास चोराला अधिक मोहात पाडतो.

ही यंत्रे येतात कोठून, हा प्रश्न विद्वज्जनांच्या चर्चेत सहसा निघत नाही. तो हिशेबनिसाचा मानला जातो. ओपनबीएसडीचे उदाहरण या समजुतीला उत्तर देण्यास पुरेसे आहे. सुरक्षिततेबाबतच्या काटेकोरपणासाठी नावाजलेली ही कार्यप्रणाली प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी त्या त्या जातीच्याच यंत्रावर बांधली जाते. ती यंत्रे, त्यांतील कित्येक जुनी, कॅनडातील कॅलगरी येथे प्रकल्पाचे प्रमुख थिओ डी राट यांच्या घरी ठेवलेली होती. २०१४ च्या आरंभी केवळ त्यांचे विजेचे बिल, वर्षाला सुमारे २०,००० डॉलर, भागविण्यासाठी जाहीर आवाहन करण्याची पाळी आली. देणग्या आल्या आणि वेळ निभावली. पण जगभरच्या फायरवॉलांत आणि सर्व्हरांत ज्या प्रकल्पाची संहिता चालते, त्याच्या बांधणीचे घर एका विजेच्या बिलावर अडावे, हे सुरक्षिततेच्या कोणत्या सिद्धान्तात बसते? यंत्र मिळविणे आणि यंत्र सुरक्षित करणे ही दोन निराळी कामे नाहीत. ज्याला स्वतंत्र यंत्र परवडत नाही तो भाड्याच्या यंत्रावर बांधतो, आणि भाड्याच्या यंत्राची खरी किल्ली भाडेकरूजवळ नसते.

अँड्रॉइडच्या बाबतीत तर वाचकाचा अधिकारच महाग झाला आहे. तिची मूळ संहिता मोकळी आहे आणि ती घेऊन कोणीही स्वतः बांधून पाहावी अशी मुभा आहे. मात्र गूगलच्याच मार्गदर्शनानुसार त्यासाठी निदान ६४ जीबी स्मृती आणि ४०० जीबी मोकळी जागा असलेला संगणक लागतो. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील साधारण संगणक या अटीत बसणार नाही. वाचण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आणि पडताळण्याचे सामर्थ्य थोड्यांना, अशी ही विभागणी आहे. 'मुक्त' या शब्दाची व्याख्या करणाऱ्यांनी यंत्राचा खर्च व्याख्येबाहेर ठेवला, तेव्हाच ती होऊन गेली होती.

यावर शोधलेला उपाय पुनरुत्पादनक्षम बांधणी या नावाने ओळखला जातो. बिटकॉइन आणि टॉर ब्राउझर यांच्या कर्त्यांनी तो आधी योजला आणि २०१३ पासून डेबियनमध्ये त्यावर संघटित काम सुरू झाले. एकच संहिता दोन यंत्रांवर बांधली तर निष्पत्ती अक्षरशः एक निघाली पाहिजे, ही अपेक्षा वरवर इतकी साधी वाटते की ती पूर्ण होत नव्हती याचेच आश्चर्य वाटावे. पण बांधणीचा दिनांक निष्पत्तीत उमटतो. फाइलींचा क्रम डिस्कवर अवलंबून राहतो. बांधणी ज्या निर्देशिकेत झाली तिचे नावही आत शिरते. कालविभाग आणि भाषेची निवड यांनीसुद्धा फरक पडतो. लेखनिकाने पोथीच्या अखेरीस शक, तिथी, आपले नाव आणि पाठदुखीची तक्रार लिहावी तशातलाच हा प्रकार. एकेक पुष्पिका खरवडून काढण्याचे हे काम वर्षानुवर्षे, हजारो पॅकेजांवर, बिनबोभाट चालले आहे. ऑगस्ट २०१७ पासून डेबियनच्या नियमावलीतही पॅकेज पुनरुत्पादनक्षम असावे असे कलम आहे. टॉम्सन यांच्या व्याख्यानाला दिलेले सर्वांत गंभीर उत्तर याच कष्टात आहे.

तथापि ते उत्तर पूर्ण मानता येणार नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघडकीस आणलेले एक्सझेड या संक्षेपन-प्रोग्रामचे प्रकरण त्याची मर्यादा दाखविते. एसएसएचद्वारे प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या कुतूहलातून त्यांना ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो बसविणारी व्यक्ती, खरी कोण होती ते असो, जिया टॅन या नावाने दोनअडीच वर्षे निष्ठेने काम करून प्रकल्पाची सहसांभाळकर्ती झाली होती. टॉम्सन यांच्या सिद्धतेतला आतला माणूस तो हाच. कारस्थानाचे मुख्य द्रव्य चाचणीच्या फाइलींत दडविलेले होते आणि ते बाहेर काढणारी ओळ प्रकल्पाच्या उघड्या भांडारात नव्हती. ती केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. शिवाय ती ओळ आधी पाहून घेई की बांधणी डेबियनच्या किंवा आरपीएमच्या पद्धतीने पॅकेजासाठी चालली आहे काय. सामान्य जिज्ञासूने घरी बांधून पाहिले असता ती झोपून राही. वितरकाच्या घरातच ती जागी होई. त्या गठ्ठ्यापासून कितीही स्वतंत्र यंत्रांवर पॅकेज बांधले असते तरी सर्वांची निष्पत्ती सारखीच विषारी निघाली असती, कारण प्रक्षेप साऱ्या प्रतींच्या मूळ प्रतीतच होता. डेबियनने त्या वेळी १२.६ ही ठरलेली आवृत्ती पुढे ढकलली ती आपल्या भांडारावर याचा काय परिणाम झाला असेल हे तपासण्यासाठी.

स्वातंत्र्याची अट यंत्रांनाही लागू आहे, हा मुद्दा यानंतरही उरतोच. दोन ठिकाणची दोन यंत्रे एकाच कंपनीच्या प्रोसेसरवर, एकाच मेघसेवेत, एकाच प्रतिमेवरून उभारलेली असतील, तर त्यांची साक्ष एकाच गावातल्या पोथ्यांसारखी आहे. गिक्सच्या कर्त्यांनी २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून कंपायलरची सारी वंशावळ पुन्हा उभारून दाखविली. यंत्रसंहितेच्या बाबतीत वंशशुद्धीचा हा अत्यंत कडक प्रयोग होय. पण ते बीजदेखील कोणत्या तरी चालत्या कार्यप्रणालीवर आणि कोणत्या तरी प्रोसेसरवरच रुजले, आणि त्या प्रोसेसरची मूळ संहिता वाचावयास मिळत नाही. पुनर्बांधणी करून निष्पत्ती ताडून पाहणारी जी यंत्रे आज मुक्त प्रकल्पांजवळ आहेत, त्यांतील बरीचशी देणगीची किंवा उसनी आहेत. बांधणारी यंत्रे कोणाच्या दानाने उभी राहिली आणि ताडणारी कोणाच्या, ही यादी अद्याप कोणी त्या दृष्टीने मांडलेली नाही. ती मांडणे हे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातले काम आहे.